हळदणकर : माध्यम आणि प्रकाश

म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील चित्रसंग्रह पाहावयास जाणारा बहुतेक प्रत्येक प्रेक्षक एका चित्रापाशी थबकतो. एका हातात दिवा धरलेली, दुसऱ्या हाताने ज्योतीला आडोसा केलेली एक स्त्री; आणि तिच्या बोटांच्या फटींतून झिरपणारा तांबूस उजेड. 'ग्लो ऑफ होप' ह्या नावाने हे चित्र देशभर परिचित आहे. त्याच्या प्रतिकृती घराघरांतून लागल्या, आणि त्यांच्याबरोबर ते राजा रविवर्म्याचे असल्याचा समजही पसरला. वस्तुतः ते सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२-१९६८) ह्यांचे आहे. चित्रासाठी त्यांची कन्या गीता उभी राहिली होती. त्या गीताबाई उपळेकर २०१८ साली, वयाच्या १०२ व्या वर्षी, कोल्हापुरात निवर्तल्या. रविवर्म्याचा मृत्यू १९०६ चा. म्हणजे चित्रातील स्त्री जन्मास येण्यापूर्वीच तिचा तथाकथित चित्रकार जगातून गेला होता!

सनावळीची ही चूक दुरुस्त करणे सोपे आहे. परंतु ती मुळात होते कशी, हा प्रश्न समीक्षेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. हे चित्र जलरंगांतील आहे, आणि रविवर्म्याची सारी कीर्ती तैलरंगांवर व तैलचित्रांच्या छापील प्रतिकृतींवर उभी आहे. ज्याने चित्राचे माध्यम डोळ्यांनी ओळखले, त्याच्या मनात हा संशय येणारच नाही. लोकांनी चित्रातील स्त्री पाहिली, दिवा पाहिला, साडीचा पोत पाहिला. रंग कशात कालवला आहे, हे मात्र पाहिले नाही. हळदणकरांवर झालेला अन्याय नावाचा आहे, त्याहून अधिक तो ह्या न पाहण्याचा आहे.

तैलरंगाच्या चित्रकाराला उजेड शेवटी मिळतो. तो अंधारातून वर येतो; गडद थरांवर फिके थर चढवीत जातो, आणि अखेरीस पांढऱ्या रंगाचा एक जाड फटकारा ठेवून कपाळावरची किंवा दागिन्यावरची चमक साधतो. चुकले तर खरवडून पुन्हा रंगविण्याची मुभा त्याला आहे. पारदर्शक जलरंगात हा सगळा क्रम उलटा होतो. तेथे सर्वांत उजळ जागा म्हणजे न रंगविलेला कागद होय. उजेड कोठे राहणार हे हात चालू होण्यापूर्वीच ठरलेले असावे लागते. एकदा कागद काळवंडला की त्याचे तेज परत येत नाही. 'ग्लो ऑफ होप'मधील ज्योत हाताआड आहे. डोळ्यांना दिसते ती बोटांच्या कडांना आलेली लाली, आणि तिच्यापासून दूर जाताना क्रमाने थंडावत गेलेला रंग. बोटांमधली ती लाली वरून लावलेली नाही. कागदाचा प्रकाश पातळ रंगाच्या पडद्यातून परत येतो आहे. ज्योतीपुढे धरलेल्या मांसल हाताचे प्रत्यक्षातही असेच होते, उजेड त्याच्या आरपार येतो. विषय आणि माध्यम ह्यांची अशी गाठ क्वचितच पडते.

ही दृष्टी हळदणकरांना कोठून मिळाली? त्यांचे गाव सावंतवाडी. लाखेच्या लाकडी खेळण्यांचे आणि गंजिफांचे ते गाव. तेथील परंपरागत रंग ठसठशीत आणि सपाट. त्या रंगाला सावली ठाऊक नाही. अशा गावचा मुलगा पुढे छायाप्रकाशाचा चित्रकार व्हावा, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. १९०३ साली ते मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत दाखल झाले. म. वि. धुरंधर आणि आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद हे त्या शाळेतील शिक्षक. रंगाला हात लावण्यापूर्वी प्लास्टरच्या पुतळ्यांवरून कसून रेखाटन करावयाचे, ही तेथील शिस्त होती. ह्या शिस्तीची पुढे पुष्कळ थट्टा झाली, आणि ती अगदीच गैर होती असे नाही. परंतु कोळशाच्या कांडीने घडविलेल्या चित्राची एक गोष्ट विसरली जाते. तेथेही उजेड म्हणजे राखलेला कागदच. मऊ कोळसा ओळींपेक्षा वस्तुमानात विचार करावयास लावतो : येथे गडद, येथे मध्यम, येथे काहीच नाही. 'काहीच नाही' ही रंगाइतकीच महत्त्वाची जागा असते, हा धडा कोळशाने दिलेला आहे. ह्या बाबतीत कोळसा आणि जलरंग एका कुळातले, तैलरंग दुसऱ्या. हळदणकर दोन्ही कुळांत वावरले. मन मात्र पहिल्यात रमले.

त्यांची तैलरंगातील व्यक्तिचित्रे ह्या कारणाने थोडक्यात आटोपता येतात. त्या काळी मुंबईच्या चित्रकाराची उपजीविका प्रतिष्ठितांच्या तसबिरींवर चाले. ह्या कामातले हळदणकरांचे कसब निर्विवाद आहे. पण असे कसब त्या पिढीत इतरांपाशीही होते, आणि त्रिंदादांसारख्याच्या तैलचित्रांतील दाट काळोख त्यांच्यापेक्षा अधिक बोलका आहे. जलरंग हाती घेतला की मात्र ते निराळे होतात. १९२५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांच्या 'मोहमेडन पिलग्रिम' ह्या व्यक्तिचित्राला मिळाले, ते जलरंगातले आहे. जलरंग म्हणजे निसर्गदृश्याची झटपट टिपणी, आणि माणसाचा चेहरा रंगवावयाचा तो तैलरंगात, अशी एक उतरंड मानली जात होती. हळदणकरांनी चेहरा जलरंगात आणून ती मोडली.

निसर्गचित्रांत ह्याच गुणाची दुसरी बाजू दिसते. पारदर्शक जलरंगाची पद्धत इंग्लंडातून आली, हे खरेच आहे. पण ज्या हवेत ओलावा आहे, जेथे दूरची टेकडी कडा हरवून बसते आणि ऊन पाण्यावरून परतून भिंतीच्या सावलीतही शिरते, त्या पश्चिम किनाऱ्याला ह्या माध्यमाहून जवळचे दुसरे माध्यम शोधावयास जावे लागणार नाही. ओल्या कागदावर एक रंग दुसऱ्यात उतरतो आणि कडा आपोआप विरते. कोकणातला पावसाळा वेगळे काय करतो? मराठी कादंबरीचा साचाही परका होता. म्हणून हरिभाऊ आपट्यांच्या यमूला कोणी परकी म्हटलेले नाही. चित्रकारांना मात्र ही सवलत मिळाली नाही. बंगालच्या पुनरुज्जीवनवाद्यांनी मुंबईच्या वास्तववादाला विलायती ठरविले, आणि १९४७ साली स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह गटाच्या उदयानंतर तो जुनाट ठरला.

मराठीत मर्ढेकरांनंतर आणखी एक आक्षेप संभवतो. कलाकृतीचे सौंदर्य संवाद, विरोध आणि समतोल ह्या लयतत्त्वांत शोधावयाचे असेल, तर ह्या चित्रातील दिवा, हात, स्त्री ह्यांना सौंदर्यदृष्ट्या किंमत ती काय? उष्ण आणि शीत रंगांचा विरोध तेवढा खरा. बाकीची सारी भावुकता. विश्लेषण म्हणून हे उपयुक्त आहे, आणि हळदणकर ह्या कसोटीसही बऱ्याच अंशी उतरतात. परंतु तेवढ्याने चित्र हाती लागत नाही. बोटांमधली लाली हा केवळ तांबड्या रंगाचा एक आकार आहे असे मानून पाहावे. त्याचे तेज तत्क्षणी अर्धे होते. ते हात आहेत, त्यांच्यामागे ज्योत आहे आणि ती विझू शकते, हे ज्ञान त्या रंगाच्या अनुभवातच मिसळलेले आहे. जलरंगाच्या कागदाप्रमाणे ज्योतही राखावी लागते. आशय येथे रंगाबाहेर उभा नाही, आणि म्हणून त्याला वजा करून लय शिल्लक ठेवता येत नाही.

चित्रात गोडवा अधिक आहे, हे मात्र मान्य करावयास हवे. चेहरा इतका शांत, इतका सुखरूप आहे की विझण्याची जी भीती हातात आहे, तिचा मागमूस डोळ्यांत लागत नाही. अनुकरण करणाऱ्यांनी नेमका हा चेहराच उचलला, आणि हात सोडून दिला. चकचकीत कागदावर छापलेल्या गडद प्रतिकृतींतही तोच चेहरा पुढे येतो, रंगाचा पातळपणा दबतो आणि जलरंगाचे चित्र तैलचित्रासारखे दिसू लागते. रविवर्म्याचे नाव त्याला चिकटले ह्यात ह्या छपाईचाही वाटा असावा. मूळ चित्रापुढे उभे राहण्याची संधी ज्याला मिळेल, त्याने चेहऱ्याकडे नंतर पाहावे. आधी उजेड जेथून फुटतो त्या बोटांच्या कडा पाहाव्यात.