दडलेले अक्षर : भ्रमणध्वनीच्या कळफलकाची एक चिकित्सा

भ्रमणध्वनीवरील ॲपांत ज्या सोयी असतात त्या सर्वच दृष्टीस पडतात असे नाही. कळ दाबून धरल्यावर, पडद्यावर बोट सरकविल्यावर किंवा दोन-तीन पायऱ्या आत शिरल्यावरच काहींचे अस्तित्व कळते. अशा दडलेल्या सोयी वापरणाऱ्याला सापडाव्यात कशा, हा प्रश्न सामान्यतः रचनाकारांचा समजला जातो. मराठीपुरता तो भाषाशास्त्राचाही आहे, हे एका अक्षराच्या आधारे दाखविता येईल.

सिंदफणेच्या काठी वसलेल्या माजलगावसारख्या तालुक्याच्या गावी रोजच्या व्यवहारात कोणती रूपे लिहावी लागतात, ते प्रथम पाहावे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणीचे ॲप अमलात आले आणि पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः भ्रमणध्वनीवरून करण्याची पद्धत सुरू झाली. या नोंदीच्या अनुषंगाने जे निरोप व अर्ज लिहिले जातात, त्यांत ‘सातबाऱ्यावर’, ‘शेतकऱ्याला’, ‘अधिकाऱ्याकडे’, ‘व्यापाऱ्याचा’, ‘चाऱ्यासाठी’ ही रूपे पदोपदी येतात. ती अपवादात्मक नव्हेत. ‘रा’ किंवा ‘री’ने संपणाऱ्या पुल्लिंगी नामांचे सामान्यरूप ‘ऱ्या’कारान्त होते आणि ‘दुसरा’सारखी विशेषणेही त्याच नियमाने चालतात. तेव्हा ‘ऱ्य’ हे जोडाक्षर लेखकाच्या आवडीनिवडीचा भाग नसून विभक्तिप्रक्रियेची गरज आहे.

शिवाय ते अर्थभेदक आहे. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजनांना, तर ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. पहिल्या रूपात रकार मागील अक्षराला चिकटून त्यास गुरुत्व देतो. दुसऱ्या रूपात तो पुढील यकाराशी मिळून एकत्र उच्चारला जातो व मागील ऱ्हस्व अक्षर लघुच राहते. रफार आणि हा रकार यांतील भेद केवळ लेखनाचा नसून अवयवविभागणीचा आहे.

आता कळफलकाकडे वळू. अनेक कळफलकांत हे अक्षर ‘र’ची कळ दाबून धरल्यावर उमटते आणि त्याची कोणतीही खूण कळीवर नसते. टंकलेखन यंत्राच्या कळीवर वरचे व खालचे अशी दोन्ही चिन्हे छापलेली असत; दुसरे चिन्ह कसे उमटवायचे हे ठाऊक नसले, तरी ते आहे एवढे डोळ्यांना कळे. परंतु येथे अडचण दुहेरी आहे. कळ दाबून धरणाऱ्याच्या हाती जे लागते ते नुक्तायुक्त ‘ऱ’ असते आणि सुटा ‘ऱ’ मराठी शब्दांत एरवी लिहिलाच जात नाही. युनिकोडच्या तक्त्यात ०९३१ या क्रमांकाच्या या अक्षराचे प्रयोजन द्राविडी भाषांतील वर्त्स्य रकाराचे लिप्यंतर असे दिले असून, अर्धरूपाचा उपयोग पुढे जोडलेला आहे. म्हणजे शोधणाऱ्याला जे हवे ते दिसत नाही आणि जे दिसते ते हवे तेच आहे, हे ओळखता येत नाही.

डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ च्या आपल्या ग्रंथात गिब्सन यांची ‘अफोर्डन्स’ ही संकल्पना वस्तुरचनेला लावली आणि २०१३ च्या सुधारित आवृत्तीत कृतीची जागा दाखविणाऱ्या खुणेसाठी ‘सिग्निफायर’ ही संज्ञा पुढे आणली. जेकब नील्सन यांच्यासह २०१० मध्ये लिहिलेल्या लेखात, स्पर्शाच्या अदृश्य हालचालींमुळे दृश्यतेचे तत्त्व ढळते, असा आक्षेप त्यांनी घेतला होता. तो येथे पूर्णपणे लागू पडतो. परंतु पुरेसा नाही. नॉर्मन यांची खूण दिसली की काम बहुतांशी झाले. सोस्यूर यांच्या १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत मात्र चिन्हाला मूल्य येते ते व्यवस्थेतील इतर चिन्हांशी असलेल्या भेदामुळे. कळीच्या कोपऱ्यात ‘ऱ’ छापला तरी ‘शेतकऱ्याला’ लिहू पाहणाऱ्याच्या मनात त्याचे मूल्य शून्यच राहते. त्याला ओळखीचे आहे ते ‘ऱ्य’ हे संपूर्ण जोडाक्षर.

लहान पडद्यावर सर्वच गोष्टी उघड्या मांडणे शक्य नाही, हा रचनाकारांचा युक्तिवाद रास्त आहे. मात्र काय वर ठेवावे आणि काय आत, हे केवळ वारंवारतेवर ठरविणे योग्य नव्हे. ज्याच्या अभावी नियमित रूपसिद्धीच अडते, ते चिन्ह कमी वेळा येत असले तरी वरच असले पाहिजे. त्या दृष्टीने ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ ही जोडाक्षरे कळीवर अखंड दाखवावीत आणि ‘शेतकर्य’ अशी जुळणी होताच ‘शेतकऱ्य’ हा पर्याय समोर यावा. शब्दसंग्रहावर आधारलेली सूचना परिचित शब्दांना उपकारक ठरते. गावाच्या, आडनावाच्या किंवा बोलीतील शब्दाच्या सामान्यरूपापाशी ती थांबते.

हा दोष लेखनापुरता राहत नाही. हेच जोडाक्षर ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह यांनीही साधता येते. युनिकोडच्या २.० आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून ती रीत कायम ठेवली आहे. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखी दिसतात, परंतु त्यांचे एकीकरण न करणाऱ्या शोधयंत्राला ती भिन्न वाटतात. एका रीतीने लिहिलेला ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द दुसऱ्या रीतीने शोधणाऱ्यास सापडत नाही. जे अक्षर कळफलकात दडले, ते संग्रहातही दडते. वापरणाऱ्याने ‘शेतकर्याला’ असे लिहिले की ते त्याचे अज्ञान मानण्याची प्रथा आहे. कळफलकाची परीक्षा केल्यावाचून तो निर्णय देणे न्याय्य ठरणार नाही.