‘लाइन’ : एका उसन्या शब्दाचा अर्थविस्तार

इंग्रजीतील काही अगदी साधे शब्द अर्थाच्या दृष्टीने फार अवघड असतात. ‘लाइन’ हा त्यांपैकी एक होय. मूळ लॅटिनमध्ये तो जवसाच्या तंतूचा दोरा. पुढे इंग्रजीत दोर, रेघ, कवितेची ओळ, सैन्याची फळी, घराण्याची परंपरा, लोहमार्ग, धंदा, धोरण असा त्याचा पसारा वाढत गेला. मराठीत हे काम रेषा, ओळ, रांग, फळी, वंश, मार्ग असे अनेक शब्द वाटून घेतात. इतके शब्द घरात असताना हा पाहुणा का आला, आणि आल्यावर त्याचे काय झाले, याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

उसना शब्द आपले सर्व अर्थ बरोबर आणीत नाही. ज्या व्यवस्थेच्या हाताने तो येतो, तिच्यापुरताच अर्थ तो आणतो. नागपूरचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारल्यावर नागपूरचे राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्यप्रांत बनला व नागपूर त्याची राजधानी झाली. मुलकी अधिकाऱ्यांच्या बंगल्यांची वस्ती ती ‘सिव्हिल लाइन्स’, शिपायांच्या घरांची वस्ती ती ‘पोलीस लाइन’. १८६७ मध्ये आगगाडी नागपुरास पोहोचली. तार, टेलिफोन व वीज यांनी आपापल्या ‘लाइनी’ मागाहून आणल्या. कवितेची ओळ किंवा घराण्याची परंपरा हे अर्थ मात्र बाहेरच राहिले, कारण ते आणणारी व्यवस्था नव्हती आणि त्यांची गरजही नव्हती.

शब्द रुळला की नाही, याची पहिली साक्ष व्याकरण देते. ‘सिव्हिल लाइन्स’मध्ये इंग्रजी अनेकवचन जसेच्या तसे उरले आहे, मुंबईच्या ‘मरीन लाइन्स’चेही तेच. ती विशेषनामे झाली व गोठली. सामान्यनामाची गोष्ट निराळी. ते रेषा, ओळ, रांग यांच्याप्रमाणेच स्त्रीलिंगी झाले. त्याचे ‘लाइनी’ असे अनेकवचन झाले. ‘लाइनीत’, ‘लाइनीवर’ अशी रूपे ते ‘गाडी’प्रमाणे घेऊ लागले. ‘लाइन्स’ आणि ‘लाइनी’ या दोन रूपांतील अंतर हेच परका शब्द व आपला शब्द यांतील अंतर होय.

दुसरी साक्ष वाक्प्रचारांची, आणि ती अधिक महत्त्वाची आहे. नागपूरच्या पूर्व भागातील नंदनवन वसाहतीत दिवसभरात कानी पडणारे प्रयोग पाहावेत. दुकानापुढे ‘लाइन लागते’. जुन्या ट्रंककॉलच्या काळात मुंबईची ‘लाइन लागे’. नाम तेच, क्रियापद तेच. अर्थ मात्र एकदा रांग लागण्याचा, एकदा संपर्क जुळण्याचा. वीज खंडित झाली की ‘लाइन गेली’. पुण्यामुंबईकडे त्याच प्रसंगी ‘लाइट गेली’ म्हणतात. नळ घालणारा ‘लाइन टाकतो’. धंद्यात मुरलेला गृहस्थ ‘या लाइनीत’ जुना असतो. उनाड मुलास ‘लाइनीवर आणतात’. आणि तरुणांच्या बोलीत ‘लाइन मारणे’ म्हणजे प्रणयाराधन. यांतील अनेक प्रयोग हिंदीशी समाईक आहेत. नागपूर हे १९५६ पर्यंत द्वैभाषिक प्रांताचे राजधानीचे शहर होते, हे ध्यानात घेता यात नवल नाही. तथापि लागणे, जाणे, टाकणे, आणणे, मारणे ही क्रियापदे मराठीची आहेत आणि अर्थाची किल्ली त्यांच्याच हाती आहे. भूक लागते, आग लागते, वेळ लागतो, नोकरी लागते. ‘लाइन लागते’ ही त्याच कुळातील. ‘लाइनीवर आणणे’ हा प्रयोग ‘वळणावर आणणे’ याच्या साच्यात बसला आहे. ‘लाइन गेली’ याचे शब्दशः भाषांतर इंग्रजास ऐकविले, तर दिवे गेल्याचा बोध त्यास होणार नाही. तो अर्थ आता इंग्रजीचा राहिलेला नाही.

हे मान्य केले की दोन रूढ दृष्टी अपुऱ्या ठरतात. पहिली भाषाशुद्धीची. माधव जूलियन यांचा ‘भाषाशुद्धि-विवेक’ १९३८ चा. स्वकीय शब्द असताना परका का घ्यावा, हा शुद्धिवाद्यांचा प्रश्न रास्त आहे; परंतु तो शब्दास न विचारता अर्थास विचारला पाहिजे. रांग या अर्थी ‘लाइन’ खरोखरच अनावश्यक आहे. तिने एक चांगला शब्द मागे सारला, ही हानी आहे. विजेच्या अर्थी मात्र ती उपयोगी पडते, कारण ‘वीज’ आकाशातूनही पडते. एकाच शब्दाचा एक अर्थ त्याज्य व दुसरा ग्राह्य असू शकतो.

दुसरी दृष्टी व्युत्पत्तीची. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाने (१९३२–३८) बोलींचे व वाक्संप्रदायांचे जे धन गोळा केले, त्याचे ऋण मोठे आहे. शब्दाचे मूळ सांगणारी ‘इं.’ ही खूणही आवश्यकच आहे. परंतु बोलींचे संकलन करणारा विद्यार्थी ती खूण हेच उत्तर समजतो आणि असे शब्द वहीबाहेर टाकतो, तेव्हा वऱ्हाडी-नागपुरी बोलीचा एक जिवंत थर नोंदीवाचून राहतो. मूळ कोठले, हे सांगितल्याने शब्द येथे काय करतो हे कळत नाही.

तेव्हा अशा शब्दांची नोंद क्रियापदांच्या अनुषंगाने, प्रदेशाचा निर्देश करून व प्रत्येक अर्थाची स्वतंत्र पारख करून व्हावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. परका शब्द नवे वाक्प्रचार प्रसवू लागला, म्हणजे तो पाहुणा राहिलेला नसतो. त्याची गणना घरच्या माणसांत करावी लागते.