शिपायाचें पत्र आणि पलटणीचें मनोधैर्य : एक परीक्षण

पहिल्या महायुद्धांत फ्रान्सच्या रणभूमीवर लढलेल्या हिंदी शिपायांच्या पत्रांचा, डेव्हिड ओमिसी यांनीं संपादिलेला 'इंडियन व्हॉइसेस ऑफ द ग्रेट वॉर' हा इंग्रजी संग्रह इ. स. १९९९ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत १९१४ ते १९१८ या काळांतील सहाशेंहून अधिक पत्रें कालानुक्रमानें दिलीं आहेत. पलटणीचा कारभार आणि शिपायांचें मनोधैर्य यांचा परस्परसंबंध शोधणारास हा ग्रंथ टाळतां येत नाहीं. म्हणूनच त्यांतील साधनांची प्रतवारी ठरविणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

प्रथम या पत्रांची परंपरा पाहूं. बहुतेक शिपाई निरक्षर. ते सांगत, दुसरा लिही. तें पत्र आधीं पलटणींतील अधिकाऱ्याच्या नजरेखालून जाई. पुढें कॅप्टन एव्हलिन हॉवेल यांच्या हाताखालील सेन्सॉर कचेरींत तें वाचलें जाई, व निवडक भागाचें इंग्रजी भाषांतर अहवालास जोडलें जाई. मूळ कागद बहुतेक नाहींसे झाले. राहिले ते हे उतारे. आपलें पत्र परका वाचणार हें शिपायांसही ठाऊक होतें. म्हणून कोणी हिंदी शिपायांस काळी मिरी व गोऱ्यांस तांबडी मिरची म्हणून सांकेतिक मजकूर धाडी. मूळ पोथी नष्ट व्हावी, टीकाकारानें उद्धृत केलेले तुकडे तेवढे उरावे, आणि तेही भाषांतरित, अशी ही स्थिति आहे. संपादकांनीं प्रस्तावनेंत या मर्यादांची चर्चा केली आहे, हें न्यायानें सांगितलें पाहिजे.

मग हीं पत्रें टाकाऊ कीं काय? आमचें मत तसें नाहीं. भिन्न शाखांच्या पोथ्यांत एकच पाठ आढळला तर तो आपण ग्राह्य धरतों. तोच न्याय येथें लावावा. भिन्न भाषा, भिन्न पलटणी, भिन्न लेखक. तरी १९१५ सालच्या पत्रांत एक गाऱ्हाणें पुनःपुन्हा येतें. जखमी शिपाई बरा झाला कीं त्यास घरीं न पाठवितां पुन्हा खंदकांत पाठवितात, हें तें गाऱ्हाणें. येथें शब्द भाषांतरकाराचे असतील. दुःख शिपायाचेंच आहे.

परंतु या दुःखाचें कारण पत्रांत शोधून सांपडणार नाहीं. तें हजेरीपटांत आहे. हिंदी सेना १९१४ च्या सप्टेंबरअखेर मार्सेय बंदरीं उतरूं लागली. एका पलटणींत हिंदी शिपाई सुमारें ७५० व गोरे अधिकारी डझनभर. कंपन्या जातवार बांधलेल्या. त्यामुळें ज्या जातीचा माणूस पडे त्याच जातीचा भरणें प्राप्त होई. राखीव शिपाई थोडे, त्यांतही कित्येक वयस्क व अशक्त. तेव्हां दुसऱ्या पलटणींतील माणसें आणून खिंडार बुजवावें लागे. शिपायाची भाषा जाणणारा अधिकारी एकदां पडला कीं त्याची जागा सहजीं भरून येत नसे. न्यूव्ह शापेल येथें २८ ऑक्टोबर १९१४ रोजीं खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० व २१ या दोन कंपन्यांचे सर्व गोरे अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले, हें एकच उदाहरण पुरे आहे. अशा अवस्थेंत बरा झालेला जखमी हाच हाताशीं असलेला तयार शिपाई ठरला, आणि कारभाराची उणीव त्याच्या अंगावर येऊन पडली.

म्हणून नुसत्या पत्रांवरून अमुक जात धीराची, अमुक कच्च्या मनाची असे निष्कर्ष काढणें हा आम्हांस अन्याय वाटतो. 'लढाऊ जाती' या तत्कालीन कल्पनेनें तो पूर्वीच केला आहे. नव्या अभ्यासकांनीं त्याची पुनरुक्ति करूं नये. प्रत्येक पत्राशेजारीं त्या पलटणीची त्या महिन्याची हजिरी, हानि व नवी भरती यांचे आंकडे दिले असते, तर या संग्रहाची योग्यता दुणावली असती.

आणखी एक न्यून आमच्या वाचकांच्या विशेष लक्षांत येईल. या संग्रहांत मराठी शिपायाचा आवाज क्षीण आहे. त्याचें कारण उघड आहे. हा सांठा मुख्यतः फ्रान्स व इंग्लंड येथील टपालाचा. आणि १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियांत होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजीं कूत पडलें तेव्हां त्या तेथेंच शत्रूच्या हातीं सांपडल्या. फ्रान्सच्या पत्रांवरून त्यांच्या मनाचा अदमास बांधणें सर्वथा गैर होय.

हें न्यून भरून काढण्याचें साधन लंडनच्या दप्तरापेक्षां सातारा, रत्नागिरी व कोल्हापूरकडील घरांत मिळण्याचा संभव अधिक. तिकडील कित्येक गांवांत 'या गांवांतून इतके गेले, इतके कामास आले' असे सांगणारे शिलालेख भिंतींत बसविलेले आहेत. त्यांचे ठसे घ्यावे. जुन्या पेटींतील कार्ड, पगाराचें बुक, नांव कमी केल्याचा दाखला हे कागद मोडी सनदेइतक्याच काळजीनें जपावे. सनद एकाच्या हक्काची साक्ष देते. हे कागद पलटणीच्या पलटणीस लागलेल्या बोलाचें उत्तर देतील.