कातड्याचा लांब कोट : एका वेशाचा हिशेब

आपल्याकडे वेशभूषेवर लिहिले जाते ते पैठणीवर, पगड्यांवर, नऊवारीच्या काष्ट्यावर. परमुलखातल्या पुरुषी कपड्यांना त्यात सहसा जागा मिळत नाही. ते सिनेमातले कपडे म्हणून सोडून दिले जातात. गुडघ्याखाली उतरणारा कातड्याचा लांब कोट हा असाच एक सोडून दिलेला विषय. माझा कोणत्याही विद्यापीठाशी संबंध नाही. गेली वीसेक वर्षे जुनी छायाचित्रे, चित्रपट आणि आत्मचरित्रे यांच्या आधाराने कपड्यांचा इतिहास मी आपापला शिकत आलो आहे. या वाचनात एक प्रश्न वारंवार समोर येत राहिला. हा कोट ज्या कामासाठी जन्मला, ते काम संपून जवळपास शंभर वर्षे झाली. तरी त्याची मोहिनी का संपत नाही? ‘सिनेमामुळे’ हे उत्तर पुरेसे नाही, कारण सिनेमाला तरी हाच कोट का लागतो, हा प्रश्न उरतोच.

सुरुवात कामापासून करू. झाडांच्या सालीत कमावलेले कातडे टिकाऊ, पण ताठ. जोडे, खोगीर, पट्टे यांना ते चालते. अंगभर घालायला जड जाते. १८८४ साली न्यूयॉर्कमध्ये ऑगस्टस शुल्ट्झ यांनी क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. या पद्धतीने निघणारे कातडे मऊ, लवचीक आणि पाण्याला बऱ्यापैकी दाद न देणारे होते. त्याच सुमारास मोटारगाडी आली. सुरुवातीच्या मोटारी उघड्या होत्या. अनेकींना पुढची काचही नव्हती. धूळ, चिखल आणि थंड वारा सरळ अंगावर येई. लोकरीतून वारा आत शिरतो, कातड्यातून शिरत नाही. म्हणून मोटार हाकणाऱ्याच्या अंगावर लांब, छातीवर दोन पाळ्या एकमेकींवर येणारा कातडी कोट आला. पुढे पहिल्या महायुद्धात उघड्या विमानात बसणाऱ्या वैमानिकांनीही तो उचलला.

पण ही उपयुक्तता अल्पायुषी ठरली. ब्रिटिश नौदलाच्या हवाई दलातील सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने १९१७ साली अंगभर एकसंध असा ‘सिडकॉट’ पोशाख तयार केला; तो कातडी कोटापेक्षा ऊबदार होता. १९२०च्या दशकात बंद टपाच्या मोटारी सर्रास झाल्या. गाडीत काच आली, विमानात वेगळा पोशाख आला. कोटाचे काम संपले आणि नेमका तेव्हापासून त्याचा दुसरा जन्म सुरू झाला.

तो समजण्यासाठी कातड्याचा स्वभाव पाहावा लागतो. धारावीत कातडी जाकिटे शिवणाऱ्या एका कारागिराने मला तो हातात कातडे देऊन समजावला. कापडाची शिवण उसवून पुन्हा घालता येते; कातड्यात सुईचे भोक कायमचे राहते. बकरीचे कातडे लहान, त्यामुळे लांब कोटाला जोड फार द्यावे लागतात. गाय, म्हैस किंवा घोडा यांच्या कातड्यातून लांब पट्टे निघतात, पण वजन वाढते. असा कोट तीन-चार किलोंचा सहज होतो. तो फडफडत नाही, सरळ खाली उतरतो आणि खांदे आहेत त्यापेक्षा रुंद दाखवतो. त्यात माणूस सावकाश चालतो. शिवाय आत काय आहे, हे बाहेरून कळत नाही.

या गुणांचा राजकीय उपयोग प्रथम रशियात झाला. झारच्या सैन्यात वैमानिक आणि मोटार पथके कातडी कपडे घालत. क्रांतीनंतर ते कपडे बोल्शेविक कमिसारांच्या आणि डिसेंबर १९१७ मध्ये स्थापन झालेल्या ‘चेका’ या गुप्त पोलीस यंत्रणेच्या अंगावर आले. बहुधा आखूड जाकीट, कधी लांब कोट. ट्रॉट्स्कीने आपल्या आत्मचरित्रात चिलखती आगगाडीवरच्या आपल्या माणसांच्या कातडी पोशाखाचा उल्लेख केला आहे आणि त्या पोशाखाने माणूस भारदस्त दिसतो, असेही नोंदवले आहे. मला ही नोंद फार मोलाची वाटते. क्रांतीच्या ऐन धामधुमीतही कपड्याचा परिणाम त्याच्या नजरेतून सुटला नव्हता. लेखक बोरिस पिल्न्याक याने १९२२च्या ‘नग्न वर्ष’ या कादंबरीत बोल्शेविकांना थेट ‘कातडी जाकिटे’ म्हणून उभे केले. माणसांऐवजी कपडाच पात्र झाला. याच पिल्न्याकला १९३८ साली स्टालिनच्या राजवटीने गोळ्या घातल्या.

जर्मनीत गोष्ट आणखी गुंतागुंतीची झाली. तिथे सैन्यातले अधिकारी कातडी लांब कोट बहुधा स्वतःच्या पैशाने शिवून घेत. म्हणजे तो सरकारने दिलेला गणवेश नव्हता. पदरमोड करून विकत घेतलेला रुबाब होता. गेस्टापोचे लोक तर बहुतेक साध्या कपड्यांत काम करीत. तरीही आज गेस्टापो म्हटले की डोळ्यांपुढे काळा कातडी कोट आणि हॅट उभी राहते. १९८१च्या ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’मधला टॉट हे त्याचे ठळक उदाहरण. तो पडद्यावर आला की संवादाची गरजच उरत नाही.

इथे माझी तक्रार सुरू होते. इतिहासकार रॉबर्ट जेलेटली यांनी वुर्झबुर्गच्या उरलेल्या फायली तपासून १९९० साली दाखवून दिले, की गेस्टापोची बरीचशी प्रकरणे सामान्य नागरिकांच्या चुगल्यांवरून सुरू झाली होती. शेजारी, सहकारी, कधी नातेवाईक. जिन्यावर बुटांचा आवाज होण्याआधी कुणीतरी शाई-कागद घेऊन बसले होते किंवा कार्यालयाची पायरी चढून गेले होते. सिनेमाला ती चुगली दाखवता येत नाही असे नाही, पण कोट दाखवणे सोपे. आणि सोपेपणाची किंमत अशी, की दहशत ही कोणत्या तरी वेगळ्या जातीच्या, वेगळ्या वेशातल्या माणसांनी बाहेरून आणलेली वस्तू आहे, असे प्रेक्षकाला वाटू लागते. साधा सदरा घातलेला शेजारी त्या चौकटीतून सुटतो. सुसान सॉन्टॅग यांनी १९७५च्या ‘फॅसिनेटिंग फॅसिझम’ या निबंधात एस.एस.च्या गणवेशाच्या आकर्षणाचा प्रश्न ऐरणीवर आणला. मला त्यात एवढेच जोडायचे आहे, की गणवेश निदान आपण कोणाचे नोकर ते सांगतो. कातडी कोट तेही सांगत नाही. त्यावर बिल्ला नाही, हुद्दा नाही. म्हणूनच तो पुढे कुणालाही घालता आला.

आणि तो अगदी अनपेक्षित माणसाने घातला. १९७१ साली गॉर्डन पार्क्स यांचा ‘शाफ्ट’ आला. रिचर्ड राउंडट्रीने साकारलेला कृष्णवर्णीय खासगी गुप्तहेर न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतून वर येतो आणि लांब कातडी कोटात टाइम्स स्क्वेअरच्या रहदारीतून, गाड्यांना न जुमानता चालत जातो. अमेरिकेतल्या ज्या माणसाला रस्त्यावर कुणीही पोलीस अडवू शकत होता, तो माणूस इथे कुणालाही उत्तर देण्याच्या मनःस्थितीत नाही. हे दृश्य मी अनेकदा पाहिले आहे, आणि केवळ हुकूमशहांचा वेश म्हणून या कोटाला मोडीत काढणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही ते या दृश्यामुळेच. पोलिसांच्या अंगावरची बेदरकारी ज्याला कधीच परवडली नव्हती, त्याने ती अंगावर घेणे, ही वेगळी गोष्ट आहे. कोट तसाच, खांदे तसेच. पण चालणारा बदलला की अर्थ बदलतो.

‘द मेट्रिक्स’ने ३१ मार्च १९९९ रोजी ही अदलाबदल पूर्ण केली. त्यात सत्तेची माणसे सूट-टाय घालून येतात आणि बंडखोर लांब काळ्या कोटात. साठ वर्षांपूर्वी दार ठोठावणाऱ्याचा जो आकार होता, तो आता दार तोडून पळणाऱ्याचा झाला. गंमत अशी, की वेशभूषाकार किम बॅरेट यांनी निओसाठी बनवलेला कोट कातड्याचा नव्हताच. तो स्वस्त लोकरमिश्र कापडाचा होता आणि ट्रिनिटीचा चकाकता पोशाख पीव्हीसीचा. जगभरच्या तरुणांनी मात्र त्याच्या नकला कातड्यात शोधल्या. आकर्षण वस्तूचे नव्हते, आकाराचे होते, याचा याहून चांगला पुरावा मला सापडलेला नाही.

त्यानंतर तीनच आठवड्यांनी, २० एप्रिल १९९९ रोजी, अमेरिकेतील कोलंबाइन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी बारा मुलांचा आणि एका शिक्षकाचा जीव घेतला. ते लांब कोटात आले होते. ‘ट्रेंचकोट माफिया’ नावाच्या टोळक्याची कथा वृत्तपत्रांनी रंगवली. त्या टोळक्याशी या दोघांचा खरा संबंध फारसा नव्हता, हे पुढे स्पष्ट झाले. तोवर अनेक शाळांनी लांब कोटांवर बंदी घातली होती. बंदूक कुठून आली, हा प्रश्न विचारायला अवघड. कोट बंद करायला सोपा. गेस्टापोच्या बाबतीत सिनेमाने जे केले, तेच इथे शाळांनी केले. नजरेत भरते त्याच्यावर दोष टाकला आणि बाकीचे तसेच राहिले.

या सगळ्याकडे मराठी माणूस म्हणून पाहताना एक गोष्ट खटकते. आपल्या गावगाड्यात कातडे पायात असे, विहिरीवरच्या मोटेत असे, पखालीत आणि ढोलकीवर असे. खांद्यावर मात्र नसे. अपवाद मृगाजिनाचा आणि व्याघ्रचर्माचा, आणि ते पवित्र! मेलेल्या गुराचे कातडे कमावणारा ढोर समाज आणि त्याच्या वहाणा शिवणारा चर्मकार समाज यांना मात्र आपण गावकुसाच्या कडेला ठेवले. आज दुकानात काचेमागे टांगलेल्या वस्तूला आपण ‘लेदर’ म्हणतो आणि कुंडात भिजणाऱ्या त्याच वस्तूला ‘कातडे’. एका शब्दाला रुबाब आहे, दुसऱ्याला वास. मुंबईच्या दमट हवेत ज्याला बुरशी लागते असा कोट इथला तरुण हौसेने घेतो, तेव्हा तो प्रतिष्ठा विकत घेतो. ती कमावणाऱ्याच्या वाट्याला त्यातली किती येते, हे धारावीच्या गल्ल्यांत जाऊन पाहावे.

आपल्या भाषेत निर्लज्ज माणसाला ‘गेंड्याच्या कातडीचा’ म्हणतात. कितीही टोचा, आत पोचत नाही. लांब कातडी कोटाची मोहिनी मला याच जागी सापडते. तो घालणाऱ्याला वाटते, की आता वारा लागणार नाही, थंडी लागणार नाही आणि कुणाचा प्रश्नही लागणार नाही. चेकाच्या माणसाला ते हवे होते, शाफ्टला हवे होते, कॉलेजातल्या एखाद्या बुजऱ्या मुलालाही हवे असते. त्यातले शाफ्टचे हवे असणे मला न्याय्य वाटते, कारण प्रश्न विचारणाऱ्यांच्या हातात तेव्हा दंडुका होता. चेकाच्या माणसाचे तसे नव्हते. दंडुका त्याच्याच हातात होता. म्हणून या कोटाचा निवाडा करायचा झाला, तर कातड्याचा रंग आणि शिवण बाजूला ठेवून आधी एवढेच पाहावे : तो घालून चालणारा माणूस कोणाला उत्तर द्यायचे टाळतो आहे.