पंडिता रमाबाईंची साक्ष

पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी यवत सोडून पुढें निघाली, कीं खुटबावानंतर केडगांवचें स्टेशन लागतें. पंडिता रमाबाईंचें ‘मुक्ति सदन’ येथें आहे, एवढें या मार्गानें जाणाऱ्या पुष्कळांस ठाऊक असतें. तेथें उतरण्याचें कारण मात्र थोड्यांसच पडतें. रमाबाईंच्या आत्मनिवेदनाचीही हीच गत झाली आहे. ‘माझी साक्ष’ या नांवानें मराठींत परिचित असलेलें हें लहानसें पुस्तक १९०७ सालीं प्रथम इंग्रजींत केडगांवींच प्रसिद्ध झालें. तें धर्मप्रचाराचें आहे, असें म्हणून आमच्या सुशिक्षितांनीं तें बाजूस ठेविलें. तें धर्मप्रचाराचें आहे, यांत संशय नाहीं. परंतु तें तेवढेंच आहे काय?

अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या आईबापांबरोबर तीर्थयात्रा करीत, पुराणें सांगत लहानाची मोठी झाली. १८७८ सालीं कलकत्त्यास तिच्या विद्वत्तेचा ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्यांनीं गौरव झाला. १८८२ सालीं तिला वैधव्य आलें, आणि पुढल्याच वर्षीं इंग्लंडांत वाँटेज येथें तिनें बाप्तिस्मा घेतला. अशा विदुषीच्या धर्मांतराची कथा म्हणजे शास्त्रार्थाची कथा असणार, अशी वाचकाची अपेक्षा असते. न्यूमननें १८६४ सालीं लिहिलेलें आत्मसमर्थन ज्यांनीं वाचलें आहे, त्यांची तर अधिकच. परंतु रमाबाईंच्या कथेला जेथें वळण लागतें, तो प्रसंग अगदीं साधा आहे. लंडनमधील फुलहॅम येथें वाँटेजच्या भगिनी समाजानें पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांकरितां एक घर चालवीत. तें रमाबाईंनीं पाहिलें. ज्यांची सावलीही सभ्य घराला नको, त्यांची तेथें मायेनें शुश्रूषा होत होती. हें तुम्ही कां करतां, असें त्यांनीं विचारलें. तेव्हां त्यांना ख्रिस्त आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा वाचून दाखविण्यांत आली. म्हणजे सेवा त्यांनीं आधीं पाहिली, सिद्धांत मागून ऐकला. पुढें त्या स्वतःच सांगतात, कीं ख्रिस्ती धर्म आपणांस आधीं सांपडला आणि ख्रिस्त कित्येक वर्षांनीं. धर्मगुरूंच्या अधिकारासंबंधीं वाँटेजच्या भगिनींशीं झालेले त्यांचे वाद १९७७ सालीं छापल्या गेलेल्या पत्रव्यवहारांत आहेत. ते वाचले म्हणजे ही विदुषी कोणाच्याही मागें डोळे मिटून जाणारी नव्हती, हें स्पष्ट दिसतें.

मग त्या एका घरानें तिच्या मनाची एवढी पकड कां घेतली? याचें उत्तर, माझ्या मतें, तिच्या दुष्काळाच्या आठवणींत आहे. १८७४ च्या सुमारास आधीं वडील आणि थोड्याच दिवसांत आई गेली. पुढें बहीणही गेली. या कुटुंबाला संस्कृत येत होतें, पण हातानें पोट भरण्याचें काम कोणी शिकविलें नव्हतें. आणि जातीचा अभिमान हात पसरूं देत नव्हता. आई वारली तेव्हां तिरडी उचलण्यास माणसें मिळेनात. मोठ्या मिनतवारीनें दोन ब्राह्मण मिळाले. तिसरा भाऊ आणि चौथी रमाबाई. उंची कमी, खांदा पुरेना, म्हणून तिनें तो भार डोक्यावर घेतला. ज्याला कोणी उचलीत नाहीं त्याला उचलण्यास चौथें माणूस लागतें, हें ती बायबल हातीं घेण्यापूर्वींच शिकली होती. सेवेचा प्रश्न तिचा स्वतःचा होता; ख्रिस्ताच्या ठायीं तिला त्याचें उत्तर दिसलें.

१८९६-९७ च्या दुष्काळांत मध्य प्रांतांतून त्यांनीं अनाथ मुली आणि विधवा आणल्या. पुण्यांत तेव्हां प्लेग होता, आणि इतकीं माणसें शहरांत ठेवण्याची सोय नव्हती; म्हणून केडगांवच्या शेतावर वस्ती झाली, आणि १८९८ पासून ‘मुक्ति सदन’ उभें राहिलें. १९०० च्या सुमारास, गुजराथेंतील दुष्काळानंतर, तेथील संख्या दोन हजारांच्या घरांत गेली. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना अशीं कामें मुली शिकल्या. आपल्या आईबापांस जें येत नव्हतें, तेंच रमाबाईंनीं या मुलींच्या हातांत दिलें.

आतां पुस्तकाचे दोष. उत्तरार्धांत आठवण मागें पडते आणि प्रवचन पुढें येतें. ज्या मुलींना वांचविलें, त्यांची संख्या कळते. त्यांचा स्वतःचा शब्द क्वचितच ऐकूं येतो. आणि एक मोठा प्रश्न अस्पर्शितच राहतो. १८८९ सालीं निघालेल्या शारदा सदनांतील मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जातात, या कारणावरून १८९३ सालीं रानडे आणि भांडारकर यांनीं सल्लागार मंडळाशीं संबंध तोडला. आपण सक्ती केली नाहीं, हें रमाबाईंचें उत्तर मला खरें वाटतें. परंतु अन्न देणारा हात आणि धर्म देणारा हात एकच असला, म्हणजे उपाशी मुलीचा होकार कितपत स्वतंत्र? हा प्रश्न विचारलाच पाहिजे. मात्र जो तो विचारतो, त्याला उलट प्रश्न येणारच: ती मुलगी रस्त्यावर पडली असतां तुमचा हात कोठें होता? या दुसऱ्या प्रश्नानें पहिला रद्द होत नाहीं. पण पहिल्याचा आडोसा करून दुसऱ्यापासून सुटतांही येत नाहीं.

शेवटीं भाषेविषयीं. संस्कृताच्या या पंडितेनें आयुष्याचीं अखेरचीं वर्षें हिब्रू आणि ग्रीक भाषांतून बायबल सोप्या मराठींत आणण्यांत घालविलीं. हेतु हा, कीं सामान्य बायकांस तें वाचतां यावें. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या वारल्या. त्यापूर्वीं थोडेच दिवस तें काम पुरें झालें होतें, आणि १९२४ सालीं तें छापून निघालें. पांडित्याचा हा त्यागही सेवेचाच भाग होता. ‘साक्षीं’तही तीच साधी चाल आहे, जेथें ती टिकते, तेथें पुस्तक आजही हलवून सोडतें.

केडगांवचें काम अद्याप चालू आहे. या पुस्तकांतील श्रद्धा वाचकानें स्वीकारलीच पाहिजे असें नाहीं; मीही ती स्वीकारलेली नाहीं. पण त्यांतली ती तिरडी वाचल्यावर, चौथ्या माणसाची वाट पाहणारें आपल्या आसपास कोणी आहे काय, असा प्रश्न मनांतून सहज जात नाहीं. पुस्तक वाचावें तें एवढ्याकरितां.