हायलायटरशिवाय वाचलेलं पुस्तक

नेटच्या तयारीत मला एक खोड लागली. काहीही वाचायला घेतलं की हात हायलायटरकडे जायचा. ‘यातलं परीक्षेला काय येईल?’ एवढंच डोक्यात. पुढे पीएचडीत लांब पेपर सलग वाचवेना.

ही खोड मोडली जयंत नारळीकरांच्या ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रानं. बनारस, केंब्रिज, मुंबई, पुणे असा प्रवास. २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार. केंब्रिजचा भाग सगळ्यात रंगतो. १९६१ मध्ये मार्टिन राइल यांच्या निष्कर्षांना उत्तर द्यायला फ्रेड हॉएल यांनी आपल्या या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याला पुढे केलं. गाइड कसा असावा, ते इथे कळतं.

आयुका उभारणीचा भाग मात्र मला जागोजागी अहवालासारखा वाटला. मी सरळ पानं उलटली. चालतं हो! अभ्यासात ही मुभा नसते, आवडीच्या वाचनात असते.

तुम्हाला वाचता येतंच, प्रश्न सवयीचा आहे. रोज झोपण्याआधी दहा पानं वाचा. पुस्तक कुठलंही चालेल. हायलायटर तेवढा दुसऱ्या खोलीत ठेवा.