झेडएक्स स्पेक्ट्रम : दोन रंगांचा चौकोन

मंडळी, जुने गेम आजही का खेळावेसे वाटतात, असं विचारलं की एक तयार उत्तर येतं : तेव्हा साधनं तुटपुंजी होती, म्हणून कल्पकता जास्त होती. आम्हाला हे उत्तर आळशी वाटतं. त्याच तुटपुंज्या साधनांवर ढीगभर टुकार गेमही निघालेच की!

म्हणून आपण एकच यंत्र घेऊ. सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम, ब्रिटन, १९८२. १६ के मेमरीचा १२५ पौंडांना, ४८ केचा १७५ पौंडांना. रबरी बटणं, पडदा म्हणजे घरचाच टीव्ही. गेम कॅसेटवरून चढवायचा, आणि तो किंचाळणारा आवाज ऐकत चार-पाच मिनिटं बसून राहायचं.

आता पडद्याचं गणित बघा. २५६ गुणिले १९२ ठिपके. प्रत्येक ठिपक्याला चार बिटांचा स्वतंत्र रंग द्यायचा म्हटला, तर लागतात २४,५७६ बाइट. म्हणजे ४८ केमधली बरोबर अर्धी मेमरी पडद्यातच गेली! मग तोड अशी काढली, की आठ बाय आठ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकोनात फक्त दोनच रंग. सगळा पडदा ६,९१२ बाइटांत बसला. पण हिरवा राक्षस लाल भिंतीला खेटून गेला, की भिंतीचा तुकडाही हिरवा होऊ लागला.

१९८४ च्या 'नाइट लोर'ने यावर काय केलं? रंगांचा नादच सोडला. काळ्यावर एकच रंग, आणि खोली तिरक्या कोनातून दाखवलेली. त्यामुळे वस्तू एकमेकींच्या मागे-पुढे जाताना स्वच्छ दिसतात, खोलीला खोली येते. चौकोनाची अडचण सगळ्यांनाच होती. कशावर पाणी सोडायचं हे इथे कुणीतरी ठरवलं. दाद द्यायची ती त्या ठरवण्याला.

मॅथ्यू स्मिथचा 'मॅनिक मायनर' (१९८३) याहून कडक. वीस गुहा, तीन जीव, मधे कुठे सेव्ह करायची सोय नाही. खाली हवेची पट्टी सतत आखूड होत जाते. उडी एकदा मारली की हवेत दिशा बदलता येत नाही. म्हणजे काय, तर विचार उडीच्या आधी करायचा. तिन्ही जीव गेले की पुन्हा पहिली गुहा. आम्हाला हा गेम अजूनही छळतो, आणि तरी आम्ही तो सोडत नाही.

२०२४ साली स्पेक्ट्रमची नवी प्रतिकृती बाजारात आली. रबरी बटणं हुबेहूब, कॅसेटची वाट बघणं नाही. तिथपर्यंत आमची काही तक्रार नाही. पण तिच्यात खेळ थोडा मागे नेण्याची सोय आहे. उडी चुकली? मागे घ्या, परत मारा. 'नाइट लोर'मधल्या खोल्या नुसत्या हिंडून बघायच्या असतील, तर ठीकच आहे. 'मॅनिक मायनर'मध्ये मात्र ही सोय चालू ठेवली, की हवेच्या त्या पट्टीकडे आपण बघतसुद्धा नाही.